आमच्या घरचा स्वच्छ कूलर

जयपूरच्या घराघरांतल्या कूलरांमध्ये किती बुरशी असते हे तपासताना तुलनेसाठी एक स्वच्छ कूलर हवा होता, आणि तो म्हणून मी माझ्या घरचा निवडला.

चूक एवढीच. एका वाक्यात मावते. पण तिच्या पोटातून काय काय निघालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, आणि मागे जायला माझी ना नाही, कारण तिकडे माझ्या आणखी चुका ठेवलेल्या आहेत.

मी शास्त्रज्ञ आहे. माणसाचा दम वर्षानुवर्षं कमी कमी का होत जातो, फुप्फुसं कशाने खराब होतात, ते शोधणं हे माझं काम. जगतपुऱ्याच्या बाजूला आमची प्रयोगशाळा आहे, राहायला मी मानसरोवरला. वडील रेल्वेत गार्ड होते. अकोल्याहून त्यांची इकडे बदली झाली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे ते इथलेच झाले आणि इथेच गेले. घरात आता आई, बायको आणि मी. आईचं बोलणं अजून अकोल्याचंच. निदान तिच्या भाषेला तरी जयपूरची हवा लागलेली नाही. बायको फौजी घरातली, वडिलांच्या बदल्यांबरोबर छावण्याछावण्यांतून वाढलेली. त्यामुळे तिचं मराठी दोन पावलं नीट चालतं आणि मग हिंदीच्या खांद्यावर हात टाकतं.

मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा वडिलांनी सगळ्या रेल्वे क्वार्टरांत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भुसावळवाल्या काकू गुडघा दाखवायला आल्या. मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून ओरडली, "नाही वं बाई, हा त्यातला डॉक्टर नाही. हा नुसता इचारते. गोळी देत नाही."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. सत्कारांतसुद्धा नाही.

आता गंमत अशी की मला नीट विचारताही येत नव्हतं. माझं पहिलं मोठं काम जयपूरजवळच्या चौमूंच्या पलीकडच्या एका गावात होतं. ज्या बायका जन्मात विडीला शिवल्या नाहीत, त्यांना दम का लागतो? आमचा संशय चुलीच्या धुरावर होता. मी फुंकायचं यंत्र घेऊन गेलो. त्याला एक नळी असते. छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, आतलं सगळं रिकामं होईस्तोवर फुंकायचं. किती हवा निघाली आणि किती वेगाने निघाली, त्यावरून फुप्फुसाची अवस्था कळते. सरपंचांच्या अंगणात टेबल मांडलं. बायका लाजतील, म्हणून मी माझ्या मते फार हुशारीची युक्ती केली. प्रत्येकीच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, शेजारी खुर्ची दिली. सुनेला तेवढाच धीर!

राजस्थानातल्या खेड्यात एक दिवस राहिलेला माणूससुद्धा इथे कपाळाला हात लावील. मी वाढलो जयपुरात, पण रेल्वे क्वार्टरांत. तिथे घूंघट नव्हता, आणि होता तिथे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. जिथे सून सासऱ्यासमोर आवाज काढत नाही, तिथे ती गाल फुगवून फुंकणार? नळी ओढणीच्या आत जायची आणि आतून एक 'फू' यायचा, समईची ज्योतही हलू नये इतका सभ्य. मी प्रत्येक 'फू' आदराने नोंदवत गेलो. संध्याकाळपर्यंत त्या गावातल्या सगळ्या सुनांची फुप्फुसं नव्वदीच्या म्हातारीची निघाली. परतताना बसमध्ये मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होतो. एवढा भयंकर शोध!

प्रयोगशाळेत माझी एक सहकारी आहे. ती आणि मी एकाच सुमारास इथे लागलो. ती मूळची चौमूंचीच, बुरशी आणि जंतू हा तिचा विषय. तिने माझे आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं,

"सर, ये सब ज़िंदा थीं?"

मग तिने सासरे कुठे बसले होते ते विचारलं. मी सांगितलं. ती उठून बाहेर गेली. व्हरांड्यातून तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर आली आणि आईही आली. आईला मी नेलं नाही, ती निघाली. "तू खेड्यात जाऊन करतं काय, ते पाहू दे मले एकडाव." या वेळी यंत्र आतल्या खोलीत, बायका आत, दार बंद. मी सासऱ्यांच्या सोबत बाहेर ओट्यावर, हातात चहा. आतून सुरुवातीला तोच सभ्य 'फू' ऐकू आला. मग आईची हिंदी ऐकू आली.

"अरे ऐसा नहीं, बाई! चूल्हा बुझ गया है। सास चिल्ला रही है। सब लोगों को चाय होना। अब फूँको!"

आणि काय सांगू, त्या खोलीत वादळ आलं. प्रत्येकीच्या घरी चुलीजवळ लोखंडी फुंकणी होतीच. जन्मभर रोज पहाटे हेच काम. हसणं, खोकणं, परत फुंकणं. ओट्यावरचे एक सासरे दाराकडे बघत मला म्हणाले, "अंदर इलाज चल रहा है कि झगड़ा?"

त्या दिवशीचे आकडे खरे आले. माझे खोटे आकडे भयंकर होते. हे खरे आकडे तेवढे भयंकर नव्हते, पण जास्त टोचले. जिचा जन्म चुलीसमोर जास्त गेला होता तिचा दम जास्त गेला होता, सरळ दिसत होतं. माझ्याच वयाच्या एका बाईला शेवटपर्यंत फुंकताच येईना. तिला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं की हे तुझं नशीब. आमच्या सहकारीने तिच्या सासूला आत बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर सांगितलं की हे नशीब नाही, धूर आहे. जाताना त्या बाईने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माझ्या धंद्यात गोळी नाही, पण हे आहे: 'नशीब'ऐवजी दुसरा शब्द हातात देता येतो. मला त्याचा अभिमान आहे. तो मी उगाच लाजून लपवणार नाही. लपवायला माझ्याकडे दुसऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

मग आम्ही शहराकडे वळलो. इथे गॅस होता, विडी नव्हती, खाणींतल्या दगडाची धूळ नव्हती, तरी बायकापुरुष खोकत होते, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबत होते, आणि स्कॅनमध्ये फुप्फुसं आखडलेली दिसत होती. निरोगी फुप्फुस कसं असतं हे लोकांना सांगताना मी आईच्या धिरड्याचं उदाहरण देतो. तव्यावरून नुकतं उतरलेलं, मऊ, जाळीदार. आता तेच धिरडं दिवसभर उन्हात राहिलं तर? जाळी तशीच दिसते, पण ती दबत नाही, फुलत नाही. तसं होतं. काही माणसांच्या शरीराला हवेतली एखादी गोष्ट सोसत नाही. शरीर तिच्याशी वर्षानुवर्षं भांडतं आणि त्या भांडणात आपलंच घर मोडतं. ती गोष्ट कुठली, हे शोधायचं. चौकाचौकात पुण्य म्हणून कबुतरांना दाणे घालतात, त्या कबुतरांची वाळलेली शीट ही एक. आणि दुसरी, कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांवर वाढणारी बुरशी.

उन्हाळ्यात आम्ही घरोघर जाऊन ताटीतलं चिमूटभर गवत पिशवीत घ्यायचो. दार उघडलं की लोक म्हणायचे, "भैया, बड़ी देर कर दी। पंप भी देख लेना।" मी शास्त्रज्ञ आहे, मेकॅनिक नाही, हे मी सांगायचो. पण मी अकोल्याचाही आहे. ज्या गावात उन्हाळ्यात माणसं कूलरच्या आधाराने जगतात, तिथल्या माणसाचा हात बंद पंप पाहून स्वस्थ राहत नाही. मी गवत घ्यायचो आणि पंपही चालू करून द्यायचो, ताट्या घट्ट बांधून द्यायचो. कित्येक गल्ल्यांत माझी ओळख अजून 'वो कूलरवाले डॉक्टर' अशीच आहे. सहकारी म्हणायची, "सर, हम सैंपल लेने आए हैं या धंधा जमाने?"

आमच्या घरचा कूलर वडिलांचा. अकोल्यात बनवून घेतलेला, पत्र्याचा, दोन माणसांनी उचलावा असा. बदलीच्या वेळी सामानात सगळ्यांत आधी तो चढला; माझी पुस्तकं मागून आली. होळी झाली की वडील तो खाली उतरवायचे, खरवडायचे, हिरवा रंग द्यायचे. ताट्या मात्र टाकायच्या नाहीत. त्या धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, काठीने झोडपायच्या, आणि वरून मूठभर नवा वाळा घालून परत बसवायच्या. "ताटी जितकी जुनी तितकी पाणी धरते," हे त्यांचं तत्त्व. ते गेल्यावर काही मुलं वडिलांची घड्याळं जपतात. मी ताट्या जपल्या. दर वर्षी त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच काठीने. आई त्या कूलरसमोरच्या दिवाणावर झोपते. ती वडिलांची जागा होती.

आणि आई खोकत होती.

कधीपासून, हे मला धड सांगता येणार नाही, आणि हे माझ्यासारख्याने म्हणावं हाच एक विनोद आहे. आधी मी म्हणालो, आंधीची धूळ. मग म्हणालो, मिरचीची फोडणी. मग म्हणालो, वय. मानसरोवरच्या बागेत ती सकाळी झपाझप फेऱ्या मारायची, त्या कमी झाल्या. मी म्हणालो, गुडघे असतील. बायको म्हणाली, "मतलब आईला डॉक्टरकडे दाखवू या ना."

मी म्हणालो, "मी आहे ना घरात."

"तू तर विचारणारा डॉक्टर आहे. आईला तू काही विचारला पण नाही."

तर अशा घरातून मी तो स्वच्छ नमुना नेला. सहकारीचं म्हणणं होतं, दुकानातून कोरी ताटी आणू. मी तिला शिकवलं: कोरी ताटी वापरलेली नसते, आपल्याला वापरलेली पण निगा राखलेली हवी, आणि तशी निगा आमच्या घरी राखतात. "आमच्याकडे कूलर धुतात," मी म्हणालो, "तुमच्यासारखे नुसते झाकून ठेवत नाहीत." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घेतली.

नमुने काचेच्या चपट्या बश्यांत वाढवतात. आम्ही त्यांना प्लेट म्हणतो. काही दिवसांनी सगळ्या प्लेटा टेबलावर लावल्या. कुठे चार ठिपके, कुठे दहा. एक मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली होती, करड्या-हिरव्या मखमलीने. इतकी दाट, की मी म्हणालो, "ही कुठल्या अडगळीतली?"

"आपकी है, सर."

मी म्हणालो, चिठ्ठ्या बदलल्या असतील. तिने पुन्हा वाढवली. पुन्हा तीच मखमल. मी म्हणालो, पिशवी खराब असेल. प्लेट ठेवायची पेटी खराब असेल. त्या दिवशी मी त्या इमारतीतल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, एक सोडून. ती हात धुता धुता ऐकत होती. मग नळ बंद करून तिने विचारलं,

"सर, उस कूलर के सामने कौन सोता है?"

"आई."

"और उनकी खाँसी?"

"उन्हाळ्यात वाढतो. थंडीत बरी अस..."

वाक्य तिथेच राहिलं. उन्हाळ्यात वाढतं, थंडीत उतरतं, ही खूण मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो. खाली दोन रेघा मारतो.

स्कॅन झाला, आईने यंत्रात फुंकलं, रक्त तपासलं. छातीच्या डॉक्टरांनी, खऱ्या, गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं: आखडायला सुरुवात झाली आहे, पण वेळ गेलेली नाही. गोळ्या देऊ. पण ती हवा आजच्या आज बंद झाली पाहिजे. नाही झाली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरात ऑक्सिजनचं नळकांडं येईल, आणि आलं की ते जात नाही.

मी घरी येऊन कूलर बंद केला. आईने चालू केला.

"आई, त्या ताट्यांत बुरशी आहे. त्यानेच तुझी छाती..."

"तुह्या बाबानं आणलेला हाय तो."

"बाबांनीच आणलाय. पण ताट्या..."

"आन बांधतं कोण दरवर्षी? तूच नं? तू एवढा शिकला, गावगाव फिरतं. वाईट असता तो, त तुले कळलं नसतं?"

याचं खरं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. माझ्या आईचा या जगात माझ्या हुशारीवर जेवढा विश्वास आहे तेवढा माझा स्वतःचाही नाही, आणि आता तोच तिच्या आणि तिच्या श्वासाच्या मधे येऊन बसला होता. मी सरळ 'मला कळलं नाही' म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला धिरड्याचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "धिरडं खातं काय? करू?"

मी एसी लावला. तिने त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "ह्याची हवा हाडात शिरते," म्हणाली, आणि कूलरसमोर जाऊन झोपली.

मग मी माझी ठेवणीतली हुशारी बाहेर काढली. सकाळी ती बागेत गेलेली असताना भंगारवाल्याला बोलावलं. बायको दारात उभी राहिली. "आईला विना विचारून? हे ठीक नाही हं."

"तिच्या भल्यासाठीच आहे."

"भल्यासाठी आहे मग चोरून काय करतो?"

कूलर हातगाडीवर चढला. गाडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि त्याच टोकाने आई बागेतून परत येत होती. मी वरून पाहिलं. तिने आधी गाडी पाहिली, मग गाडीवरचा हिरवा रंग ओळखला. पदर खोचून तिने गाडीचा दांडा धरला. मी धावत खाली गेलो. भंगारवाला बिचारा, "माताजी, भाई साहब ने ही दिया है," म्हणत होता. आई माझ्याकडे वळली.

"लाज नाही वाट..."

आणि थांबली. तोंड उघडं, हात वर, आणि श्वास नाही. ती शेजारच्या घराच्या पायरीवर बसली. ओठांचा रंग उतरला होता. माझ्या आईने मला आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत, व्याकरणशुद्ध, पूर्णविरामासकट. अर्ध्यावर तुटलेली शिवी मी पहिल्यांदाच ऐकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच जमिनीवर बसलो. भंगारवाल्याने काही न विचारता गाडी वळवली आणि कूलर आमच्या दाराशी नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत नेलं. सहकारीने झाकणबंद प्लेटा एका रांगेत मांडून ठेवल्या होत्या. आई एकेक बघत गेली, आणि त्या मखमलीपाशी थांबली.

"अव माय. हे कोनाचं?"

"आपलं."

"आपलं म्हंजे?"

"आपल्या कूलरचं. मी बांधलेलं. बाबांच्या ताट्या मी धुऊन धुऊन परत घालत राहिलो. बाबांना कळायची सोय नव्हती. मला होती. माझं कामच ते. मला कळलं नाही, आई."

ती प्लेटकडून माझ्याकडे वळली.

"तुले नाही कळलं?"

"नाही."

"लोकाईच्या घरी जाऊन हेच शोधत होता नं तू?"

"हो."

आई सहकारीकडे वळली. "बाई, ये सच बोलता है?"

"जी माताजी," ती म्हणाली, "इस बार सच बोल रहे हैं।"

आई हसायला लागली. हसता हसता तिला खोकला लागला, आणि खोकताना तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं. मी तिला असं मोकळं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझी हुशारी उतरली की तिला दुःख होईल. तिला तर सुटल्यासारखं वाटत होतं. बहुधा घरातला एवढा मोठा विद्वान सांभाळून तीही थकली असावी.

संध्याकाळी, परत जागेवर लावलेल्या कूलरची पिन तिने स्वतः काढली. वायर गुंडाळली, जशी वडील गुंडाळायचे तशी.

"डब्बा राहू दे," म्हणाली. "हवा नको."

ताट्या मी जाळायला निघालो होतो, मग माझंच धुरावरचं काम आठवलं. त्या पिशवीत बांधून प्रयोगशाळेत गेल्या. रिकामा कूलर गच्चीवर गेला. त्याच्या जाळीच्या चौकटी आईने घासून घेतल्या, आणि आता त्यांच्यावर कुरडया आणि मुगवड्या वाळतात. वडील असते तर म्हणाले असते, पत्रा जितका जुना तितकं ऊन धरतो.

गोळ्या चालल्या. एसीसमोर ती गोधडी घेऊन झोपते आणि रोज सकाळी हाडं मोजते. थंडी गेली, होळी झाली, मी या वर्षी कूलर उतरवला नाही आणि हातांना काय करावं ते कळेना. उन्हं तापली. मी तिचा खोकला कान लावून ऐकत होतो, तो येत नसला तरी ऐकत होतो. मग फुंकायच्या तपासणीचा दिवस आला. नळी तिच्या हातात, मी यंत्राशी, सहकारी शेजारी. आई नळी तोंडाशी नेता नेता पुटपुटली, "सास चिल्ला रही है," आणि तिने फुंकलं.

पडद्यावरची रेघ चढत गेली. सगळी नाही चढली. जेवढं आखडलं तेवढं आखडलं, ते आता मागे येणार नाही. पण मागच्या खेपेपेक्षा वर गेली, आणि टिकून राहिली. सहकारीने माझ्या खांद्यावर थाप मारली. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलेलं नाही. मी आयुष्यात अशा रेघा किती पाहिल्या, मोजल्या नाहीत; त्यांच्यावर भाषणं केली, शाली घेतल्या. पण जन्मभर जे काम केलं ते या एका रेघेसाठी केलं असतं तरी ते वाया गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. चुकीच्या बाजूने का होईना, पण ती रेघ मी शोधून काढली होती. त्या प्लेटवरची चिठ्ठी आम्ही बदलली. 'स्वच्छ' खोडलं. आता तो नमुना बाकीच्यांत आहे, जिथे तो असायला हवा होता.

परवा आमच्या वस्तीतल्या बागेत आम्ही शिबिर लावलं. फुंकायचं यंत्र, ताट्यांच्या तपासणीच्या पिशव्या, आणि समोर खुर्च्यांवर वस्तीतल्या बायका. सासरे कुठेही नव्हते. ती काळजी मी घेतली होती. मी नको म्हणताना आई पुढे झाली, सगळ्यांना चूल, सास आणि चहा हे सगळं समजावलं, आणि स्वतः फुंकून दाखवलं. लांब, शेवटपर्यंत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी यंत्रामागे उभा राहून माझ्याच टाळ्या असल्यासारखा मान हलवत होतो.

रेल्वेतल्या एका घरातली, नुकतीच नागपूरहून बदली होऊन आलेली सून आईजवळ आली. तिलाही खोकला होता. माझ्याकडे बोट दाखवून तिने हळूच विचारलं, "आजी, हे तुमचेच ना? फार मोठे आहेत म्हणतात. यांना दाखवू का?"

आईने मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"दाखव ना. पण आधी सांग, तुह्या घरचा कूलर कोण बांधते? हा बांधत असन, त दुसरा डॉक्टर पाह."